पुण्याच्या गच्चीवर बारमाही स्ट्रॉबेरी येत नाही

"बाजारातल्या एका स्ट्रॉबेरीच्या बियांपासून शंभर रोपं. 'एव्हरबेअरिंग' जात लावा, बारा महिने फळं खा. एका कुंडीत दोन किलो. परागीभवनासाठी निदान तीन जाती हव्यात. निळ्या स्ट्रॉबेरीचं बियाणं घरपोच." हा मेसेज सध्या गच्चीबागेच्या गटागटांतून फिरतोय. शेजारच्या काकूंनी त्यावर विसंबून बियांची दोन पाकिटं मागवली आणि नुकत्याच कळ्या धरू लागलेल्या स्वीट चार्लीच्या कुंड्या 'जुनी जात' म्हणून रिकाम्या करायला घेतल्या. म्हणून हे उत्तर, आणि म्हणूनच जरा तडक भाषेत.

आधी 'बारा महिने'. खरं नुकसान याच वाक्याने होतं.

स्ट्रॉबेरीच्या नेहमीच्या जाती दिवस लहान आणि हवा गार झाली की फुलकळी धरतात. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात दिवस पंधरा-सोळा तासांचा होतो, तेव्हा ही रोपं फुलं थांबवून नुसती पानं आणि रनर, म्हणजे टोकाला नवं रोप धरणाऱ्या लांब फांद्या, काढत राहतात. यावर उपाय म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रॉइस ब्रिंगहर्स्ट आणि व्हिक्टर वोथ यांनी युटा राज्यातल्या वासॅच डोंगरांवरची रानस्ट्रॉबेरी संकरात घेतली. 1979 मध्ये त्यातून त्यांच्या पहिल्या तीन 'डे-न्यूट्रल' जाती बाहेर आल्या. आज ऑनलाइन 'एव्हरबेअरिंग' म्हणून विकली जाणारी अल्बियन हीसुद्धा कॅलिफोर्निया विद्यापीठाची डे-न्यूट्रल जात. या शब्दाचा अर्थ एवढाच की दिवस लांब की आखूड, याने त्या रोपाला फरक पडत नाही. उष्णतेने फरक पडत नाही असं तिच्या पैदासकारांनी कधीही म्हटलेलं नाही.

आता पुण्याचा हिशोब करा. इथला सगळ्यात मोठा दिवस, जूनमधला, साधारण सव्वातेरा तासांचा. लंडनला तो साडेसोळा तासांच्या वर जातो. ज्या अडचणीसाठी ही जात काढली ती अडचण आपल्याकडे जवळजवळ नाहीच. आपलं घोडं अडतं ते उष्णतेपाशी. दुपारचा पारा सतत तिशीच्या वर राहिला की डे-न्यूट्रल रोपही कळ्या धरणं सोडून देतं, असलेल्या फुलांतले परागकण कमजोर पडतात आणि फळ बारीक, वेडंवाकडं होतं. अल्बियन कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविलला उन्हाळाभर फळते, कारण पॅसिफिकच्या वाऱ्यामुळे तिथे जुलैतली दुपारही बावीस अंशांच्या आसपास असते. पुण्यात एप्रिलची दुपार अडतीसची. लेबलवर काहीही छापलं तरी हे सोळा अंश कुठे जाणार?

शिवाय महाबळेश्वर आपल्या डोळ्यांसमोर आहे. उंची साडेतेराशे मीटर, 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, पिढ्यान्‌पिढ्या स्ट्रॉबेरी करणारे शेतकरी. तेही परदेशातून मातृरोपं मागवतात, पावसाळ्यात त्यांच्या रनरपासून रोपं तयार करतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण करतात आणि एप्रिल-मेपर्यंत हंगाम आवरतात. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. सहाव्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबवर जे बारा महिने येतं म्हणतात, ते तिथे का येत नाही, हे मेसेज पाठवणाऱ्याने सांगावं.

एक गोष्ट मान्य करावी लागते: डे-न्यूट्रल जात इथे थंडीत फळते आणि अल्बियनची चव खरोखर चांगली आहे. मिळाली तर एखादी कुंडी जरूर लावा, पण जास्तीचे पैसे 'बारमाही' या शब्दासाठी देऊ नका. लंडनमधल्या नातेवाइकांपर्यंत हा मेसेज गेला असेल तर त्यांचा निर्णय वेगळा. त्यांच्या लांब दिवसांत आणि सौम्य उन्हाळ्यात डे-न्यूट्रल जात उपयोगी पडते.

मग पुणे, नाशिक, साताऱ्याकडे लावायचं काय? जिथली थंडी आपल्यासारखी सौम्य, तिथे तयार झालेली जात. स्वीट चार्ली 1992 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने आणली. तिला फळायला फार थंडी लागत नाही, ती लवकर येते आणि गोड असते. फळ मऊ, म्हणून लांबच्या वाहतुकीत टिकत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा दोष. तुम्हाला फळ गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंतच न्यायचं आहे! विंटर डॉनही फ्लोरिडाचीच आणि लवकर येणारी. फळ मोठं, जास्त टणक, पण गोडीला स्वीट चार्लीची सर नाही. कॅमारोसा कॅलिफोर्नियाची, उशिरा येणारी, घट्ट. ती आंबट असते ही तक्रार बहुतेक वेळा अर्धी लाल तोडल्यामुळे येते. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंगते, गोड होत नाही. देठापर्यंत गर्द लाल होऊ द्या. दहा कुंड्या असतील तर सात स्वीट चार्ली, तीन कॅमारोसा, म्हणजे तोडा डिसेंबरपासून मार्चपर्यंत पसरतो. मुंबई, कोकण, गोव्यात रात्री पुरेशा गार होत नाहीत. तिथे फक्त लवकर येणारी जात लावा आणि अपेक्षा कमी ठेवा.

रोप घेताना जातीच्या नावाइतकंच क्राऊनकडे बघा, म्हणजे पानांचे देठ जिथून फुटतात त्या जाड भागाकडे. तो पेन्सिलीएवढा जाड हवा, मुळं पांढरट हवीत. एक रोप कापून पाहता आलं तर पाहा: आत तांबूस डाग दिसले तर ती कूज आहे, सगळा लॉट सोडा. आठ इंची कुंडीत एकच रोप, क्राऊन बरोबर मातीच्या पातळीला. खाली गाडला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोन-तीनदा धुऊन घ्या आणि खारं बोअरचं पाणी टाळा. स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत, पानांच्या कडा करपतात. पहिले तीन आठवडे येणारी फुलं खुडा.

बियांचं. आपण खातो ती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपात दोन अमेरिकी रानटी प्रजातींच्या संकरातून झाली. तिच्यात गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे बीपासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. विंटर डॉनचं बी पेरून विंटर डॉन मिळत नाही. रुजायला दोन ते चार आठवडे, पुढे रोप फळण्याजोगं व्हायला कित्येक महिने, आणि तोवर हंगाम संपलेला. बियांपासून स्ट्रॉबेरी होतच नाही असं मात्र नाही: अल्पाइन स्ट्रॉबेरी बियांपासून खरी उतरते, फळ नखाएवढं असतं. नेदरलँड्समध्ये बियाण्यातून वाढवायच्या एफ-1, म्हणजे पहिल्या पिढीच्या संकरित, जातीही निघाल्या आहेत. बाजारातल्या डब्यातल्या फळाशी या दोन्हींचा संबंध नाही. रोपं वाढवायचीच असतील तर रनर वापरा. मार्चनंतर कुंड्या सावलीत हलवा, पावसाळ्यात छपराखाली ठेवा, जूनमध्ये रनरचं टोक तारेच्या आकड्याने छोट्या पिशवीतल्या मातीवर दाबून धरा. चार-पाच आठवड्यांत मुळं धरली की तोडून वेगळं करा. त्याच जातीचं रोप, फुकट.

दोन किलो? घरच्या कुंडीत एका रोपाने हंगामभरात पाव किलो दिलं तरी चांगलं म्हणायचं. तीन जाती? गरज नाही, एकाच रोपाच्या परागाने फळ धरतं. बंद बाल्कनीत मधमाशी येत नसेल तर सकाळी दहाच्या सुमाराला मऊ ब्रश प्रत्येक फुलाच्या मधोमध गोल फिरवा. अर्धवट परागीभवन झालं की फळ एका बाजूला चेपतं.

आणि निळी स्ट्रॉबेरी. अशी जात नाही. ते फोटो रंग बदलून केलेले आहेत. पाकिटातलं बी बहुधा रुजत नाही, आणि रुजून स्ट्रॉबेरीसारखं काही उगवलंच तर फुलाचा रंग बघा. स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं असतं, काही शोभेच्या जातींत गुलाबी. पिवळं आलं तर ती नकली स्ट्रॉबेरी: लाल, बेचव फळाचं जमिनीवर पसरणारं रोप. ते उपटा आणि त्या कुंडीत ऑक्टोबरात स्वीट चार्ली लावा.