टाळेबंदीचा हुकूम जिनिव्हाहून सुटणार नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या महासाथ करारामुळे यापुढे टाळेबंदी आणि लससक्तीचे आदेश जिनिव्हाहून, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयातून, सुटतील, ते न मानणाऱ्या देशांना दंड होईल आणि हे सारे कोणालाही न विचारता ठरले आहे, असा एक संदेश सर्वत्र फिरतो आहे. तो वाचून माझ्या मावशीने फ्लूची ठरलेली लस घेतली नाही, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक दावा आदेशांचा आहे. २० मे २०२५ रोजी स्वीकारलेल्या या करारात सचिवालयाविषयी, म्हणजे संघटनेच्या प्रशासनाविषयी, स्वतंत्र कलम आहे. कोणत्याही देशाचे कायदे वा धोरणे बदलण्याचा, प्रवाशांना रोखायला लावण्याचा, लससक्तीचा किंवा टाळेबंदी लादण्याचा अधिकार महासंचालकांसह सचिवालयाला या करारातून मिळतो, असा अर्थ काढता येणार नाही, असे ते सांगते. संदेश ज्यांची भीती घालतो, त्याच गोष्टी कलमाने नाव घेऊन नाकारल्या आहेत; ते एकदा वाचण्याचे कष्टही कोणी घेऊ नयेत, याचा संताप येतो. कोविडच्या काळात तर उलटेच घडले. ३० जानेवारी २०२० रोजी आणीबाणी जाहीर करताना संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केली नव्हती, तरी अनेक देशांनी सीमा बंद केल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉन या कोविड विषाणूच्या नव्या प्रकाराची माहिती तत्परतेने दिली आणि बदल्यात तिच्या वाट्याला प्रवासबंदी आली. ती उठवायला लावण्याची ताकद संघटनेकडे नव्हती.

दंडाची तरतूद करारात नाही.

'न विचारता' हेही खोटे आहे. संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेतील समितीत झालेल्या मतदानात १२४ देश बाजूने होते, विरोधात एकही नव्हता आणि ११ तटस्थ राहिले. शिवाय करार ६० देशांनी अनुमोदन दिल्यावरच अमलात येईल आणि अनुमोदन देणाऱ्यांनाच बंधनकारक असेल. मात्र एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, म्हणजे साथींबाबत देशांनी पाळायचे संघटनेचे आधीपासूनचे वेगळे नियम, यांतील २०२४ च्या दुरुस्त्या मुदतीत नकार न कळवणाऱ्या देशांना आपोआप लागू झाल्या, म्हणजे तेथे मौन ही संमती ठरते, आणि त्यावरची तक्रार रास्त आहे. परंतु त्याच नियमावलीत संघटनेच्या शिफारशींची व्याख्या 'बंधनकारक नसलेला सल्ला' अशी आहे, आणि अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये या दुरुस्त्या नाकारल्याही.

भांडायचेच असेल, तर रोगजंतूंचे नमुने आणि त्यांपासून बनलेल्या लसी यांच्या वाटपावर भांडावे. महासाथीत सहभागी उत्पादकांनी २० टक्के उत्पादन संघटनेला उपलब्ध करून द्यावे आणि त्यातले किमान निम्मे मोफत असावे, असे करार म्हणतो. गरीब देशांना पुढच्या वेळी लस वेळेत मिळणार की नाही, हे त्यावर अवलंबून आहे.