टेकडीवरचे कात्रीवाले काका

दसरा उलटला की पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून उतरणाऱ्या प्रत्येकाला खाली एक काम असतं, मोज्यांतली कुसळं उपटायचं. रविवारी मन्या टपरीशेजारच्या कट्ट्यावर तेच करत बसला होता, दर कुसळामागे एक शिवी. मधेच थांबून म्हणाला, "पण खाणीकडून वर जाणारी वाट आज साफ होती रे. कात्रीवाले काका होते."

कात्रीवाले काका टेकडीवरच्या सगळ्यांना माहीत आहेत, त्यांचं नाव कुणालाच माहीत नाही. हाफ पँट, गमबूट, डोक्याला पंचा आणि हातात छाटणीची लांब दांड्यांची कात्री. नमस्कार केला तर मान वर न करता "काटे बघा" एवढंच म्हणतात. टेकडीवर असे नमुने पुष्कळ आहेत म्हणा. एक गृहस्थ सगळा चढ उलटे चालत चढतात. एक आजोबा उन्हाळ्यात दोन हातांत दोन कॅन घेऊन आपल्या तीन रोपांना पाणी घालायला येतात, शेजारचं चौथं रोप वाळत असलं तरी त्याच्याकडे बघत नाहीत, कारण ते दुसऱ्या ग्रुपनं लावलेलं असतं.

"काकांना एकदा सांगायला पाहिजे," वकील म्हणाला, "हे बेकायदेशीर आहे."

वकिलाच्या पहिल्या वाक्याला आम्ही सहसा दाद देत नाही. तो पुढे गेलाच. "हसू नका. टेकडीचा बराच भाग वनखात्याकडे आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७. राखीव वनात झाड तोडायचं नाही, फांदी छाटायची नाही, साल काढायची नाही, कलम २६. आणि कायद्यात झाड म्हणजे काय, तर झुडपंसुद्धा त्यात धरली आहेत."

"म्हणजे घाणेरीची फांदी तोंडावर आपटली तर मी परवानगीचा अर्ज करू?" मन्या.

"खात्याला कळव. ते त्यांचं काम आहे."

"कळवलंय. गेल्या वर्षी."

नाना वर्षभर मुलीकडे इंग्लंडला राहून आलेत, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा तिकडचा दाखला असतो. पण या वेळी दाखला कामाचा निघाला. तिकडे शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांवर लोकांचा चालण्याचा हक्क कायद्यानं मान्य आहे. वाटेवरच उगवलेलं गवत कौन्सिलनं काढायचं आणि कडेचं कुंपण वाढून वाटेवर आलं तर ते जमीनमालकानं छाटायचं. "तरीसुद्धा," नाना म्हणाले, "दर गावात दोन-चार म्हातारे कात्र्या घेऊन हिंडताना दिसायचेच. कौन्सिल कुठं कुठं पुरणार?"

"बघ, म्हणजे तिथेही काका आहेत," मन्या खूश.

इतका वेळ मॅडम गप्प होत्या. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यात, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की आम्ही चहा पुन्हा सांगतो. त्यांचं म्हणणं असं, की कायदा राहू दे, काकांना काय कापायचं हे कळतं का? टेकडीचं मूळ रूप म्हणजे गवत, अधूनमधून खैर, सालई, मेडशिंगी. चंडोल जमिनीवरच, गवताच्या आडोशाला घरटं करतो. पावसाळ्यात उत्साहानं विळा चालवणारा माणूस त्या घरट्यावर पाय देऊन पुढे जातो आणि त्याला कळतही नाही. "वाट साफ करतो म्हणणारा जे उंच वाढलंय ते सगळं कापतो. आणि जे खरंच काढायला हवं ते पिवळं कॉसमॉस? ते दिसतं छान, म्हणून राहतं. लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. मेक्सिकोतून आलंय ते."

"गाजर गवत तर काढतात ना?"

"कधी काढतात? फुलावर आल्यावर. मग ते ओढताना बी वाटभर सांडतं. ते फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं असतं आणि हातमोजे घालून, नाहीतर कातडीवर पुरळ उठतो." मग आमच्या पुणेरी अभिमानाला हळूच टाचणी. "भारतात हे गवत पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. तेव्हा निदान आपण तरी ते नीट उपटावं."

घाणेरीचं तर आणखी अवघड. वरून छाटली की दुप्पट जोमानं फुटते. ती काढायची तर मातीखाली, जिथून फुटवे येतात त्याच्याही खाली मूळ तोडायचं आणि अख्खं खोड उलटं करून ठेवायचं. हे काम कात्रीचं नाही, कुदळीचं आहे.

आता मला राहवेना. मॅडमचं सगळं मान्य, पण टेकडीवर गेली दहा-बारा वर्षं मी एक गोष्ट बघतोय. वाटेवर काटेरी फांदी आली की लोक थांबत नाहीत, बाजूनं गवतातून जातात. पंधरा दिवसांत तिथे दुसरी वाट होते. पाऊस पडला की ती निसरडी होते, मग तिसरी. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूला एका ठिकाणी मी पाच समांतर वाटा मोजल्यात आणि त्यांच्या मधलं सगळं गवत मेलंय. पावसाचं पाणी त्याच वाटांनी धावतं आणि माती घेऊन जातं. दोन फुटांची एक वाट मोकळी ठेवली तर चंडोलाला उरलेली टेकडी मिळते. वाट बुजू देणं म्हणजे टेकडी निसर्गाच्या हवाली करणं नव्हे, ती आपल्याच बुटांच्या हवाली करणं आहे.

"दोन फूट ठीक," मॅडम म्हणाल्या. "पण उत्साही ग्रुप आला की सहा फूट होते. मग कुणीतरी म्हणतं, फरशा बसवू."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फरश्यांचा विषय निघाला की पुण्यात कुणाकडेच नसतं.

तेवढ्यात काकाच उतरले. कात्री पाठीला, बुटांना चिखल. टपरीवर अर्धा चहा सांगितला. वकिलाची कलमं एकदम आटली. मग मन्यानंच विचारलं, "काका, वाट मस्त केलीत. पण वळणावरची ती बाभळीची फांदी राहिली की! मान वाकवून जावं लागतं."

"राहिली नाही, ठेवली," काका म्हणाले. "मोटरसायकली येतात त्या बाजूनं. ती काढली की सरळ वरपर्यंत जातील."

मॅडमनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. हातांकडेही. दोन्ही मनगटांवर लालसर पुरळ होता.

"गाजर गवत उपटलंत?"

"दोन पोती. खाजतंय."

"फुलं आली होती त्याला?"

काका जरा ओशाळले. "थोडी."

"पुढच्या वर्षी जुलैत काढू या," मॅडम म्हणाल्या. "आणि कॉसमॉस कुठलं ते मी दाखवते."

"ते पिवळं? ते पण काढायचं?" काकांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "माझी नात त्यात उभी राहून फोटो काढते."

मन्या एवढ्या जोरात हसला की उपटलेली कुसळं पुन्हा त्याच्याच मोज्यांवर पडली.