सक्सेस रेट नेमका कशाचा?

भारतात आयव्हीएफवरचे, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारावरचे, वाद बहुतेक वेळा उपचार कुणाला मिळावेत यावर होतात. अशा उपचारांसाठीच्या २०२१च्या एआरटी कायद्याने स्त्रीसाठी ५० आणि पुरुषासाठी ५५ वर्षांची मर्यादा घातली. २०२४मध्ये दिवंगत पंजाबी गायक सिद्धू मूसेवाला यांच्या आईला आयव्हीएफने ५८व्या वर्षी मूल झालं, केंद्राने पंजाब सरकारकडे अहवाल मागितला आणि पुन्हा वयावरच चर्चा रंगली. सरोगसीचा हक्क कुणाला, हा वाद तर चालूच आहे. हे प्रश्न मला बिनमहत्त्वाचे वाटत नाहीत. पण ब्रिटनमध्ये बसून हे सगळं वाचताना एक साधा प्रश्न त्यात कुठेच सापडत नाही. जे विकलं जातंय, ते लागू पडतं का?

नात्यातल्या, ओळखीतल्या मुली मला फोनवर नेमकं हेच विचारतात. "ताई, डॉक्टर स्क्रॅचिंग करून घ्या म्हणतायत. तुमच्याकडे करतात का? करू का?"

स्क्रॅचिंग म्हणजे भ्रूण सोडण्याआधी बारीक नळीने गर्भाशयाच्या अस्तरावर ओरखडे काढायचे. त्यामुळे भ्रूण नीट रुजतं, अशी कल्पना. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत मोठा फायदा दिसला आणि जगभर ते सर्रास सुरू झालं. मग न्यूझीलंडमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने पाच देशांतल्या १,३६४ स्त्रियांवर चाचणी झाली. कुणाला ओरखडे काढायचे आणि कुणाला नाही, हे डॉक्टरने ठरवलं नाही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. २०१९मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत मूल जन्माला येण्याचं प्रमाण २६.१ टक्के. वेदना मात्र एकाच गटाने सोसल्या.

यात डॉक्टर खोटंच बोलत होते असं मी म्हणत नाही. ओरखडे न काढताही चारातल्या एकीला मूल होणारच होतं. ते काढल्यावर झालं, की श्रेय ओरखड्यांना मिळतं. नाही झालं, तर दोष नशिबाला किंवा त्या बाईच्या वयाला. स्वतःच्या दवाखान्यातल्या अनुभवावरून हा फरक ओळखताच येत नाही, म्हणून अशा चाचण्या लागतात. भ्रूणाचे सतत फोटो घेणाऱ्या टाइम-लॅप्स यंत्राचंही २०२४मध्ये असंच झालं: १,५७५ जणींच्या चाचणीत मूल होण्याच्या प्रमाणात फायदा दिसला नाही.

ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे, असं मुळीच नाही. चाळिशीच्या आतल्या स्त्रीला तीन पूर्ण सायकल (इंजेक्शनं देऊन स्त्रीबीजं काढण्यापासून तयार झालेली भ्रूणं सोडण्यापर्यंतची एक फेरी म्हणजे एक सायकल) सरकारी खर्चाने मिळाव्यात, अशी इथली अधिकृत शिफारस आहे. ती पाळणारे भाग मोजके. बाकीचे पदरचे पैसे घालतात आणि जास्तीच्या सेवा त्यांनाही विकल्या जातात. पण एचएफईए या नियामक संस्थेकडे १९९१पासून प्रत्येक सायकलची नोंद आहे. कोणत्या क्लिनिकमध्ये किती मुलं जन्मली, कोणत्या जास्तीच्या उपचाराला किती पुरावा आहे, हे कुणीही उघडून पाहू शकतं. एका वेळी एकच भ्रूण सोडण्याचा आग्रह धरून जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण १९९०च्या दशकातल्या २८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणता आलं, तेही या नोंदींच्या जोरावर.

भारताच्या कायद्यातही राष्ट्रीय नोंदणीची तरतूद आहे आणि यशाची शक्यता जोडप्याला समजावून सांगण्याचं बंधन आहे. तरीही क्लिनिकनिहाय आकडे सामान्य माणसापुढे येत नाहीत. पुढे येते जाहिरात: सक्सेस रेट ७० टक्के. कशाचा? बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आल्याचा, सोनोग्राफीत ठोके दिसल्याचा, की मूल घरी आल्याचा? ज्यांचं भ्रूण तयारच झालं नाही, त्या बायका त्या हिशेबात आहेत का? दात्या तरुणीच्या स्त्रीबीजांचे निकाल त्यातच मिसळलेत का?

आपल्याकडे संशोधनाची कुवत नाही, हे मला मान्य नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी हर्षाचा जन्म झाला, तो डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेतले डॉ. आनंद कुमार यांच्या कामातून. महापालिकेचं रुग्णालय आणि सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं होतं. आज चाचण्या नोंदवायला सीटीआरआय ही सरकारी नोंदवही आहे आणि रुग्णांची तर वाणच नाही. सिद्ध न झालेला उपचार द्यायचाच असेल, तर तो नोंदवलेल्या चाचणीतच आणि फुकट द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रयोग आपल्यावर होणार आणि बिलही आपणच भरणार, हा अन्याय आहे.

"अडतीस वर्षांच्या बाईला चाचण्यांचे निकाल येईपर्यंत थांबायला वेळ कुठे आहे?" असं कुणी म्हणेल. तिच्याकडे वेळ नाही, म्हणून तर निरुपयोगी उपचारात तिचे महिने आणि पुढच्या सायकलचे पैसे घालवू नयेत.

तोवर फोन करणाऱ्या मुलींना मी दोन प्रश्न लेखी विचारायला सांगते. माझ्या वयाच्या शंभर जणींनी तुमच्याकडे इंजेक्शनं सुरू केली, त्यातल्या किती जणी मूल घेऊन घरी गेल्या? आणि हे जास्तीचं काही केलं नाही, तर तो आकडा कितीने बदलतो?