पंगतीत बिलाचं काढू नये

गिऱ्हाइकाच्या पाहुणचारावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, पाहुणचारात धंद्याचा विषय गिऱ्हाइकानंच काढू द्यावा. पटलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, गिऱ्हाइकाच्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, मशीनकाम करून देतो. थोरल्या मुलीच्या लग्नात पुण्याच्या पार्टीचे पर्चेसवाले साहेब आले होते. पंगतीत मांडे वाढले आणि तिथंच मी थकलेल्या बिलाचं काढलं. साहेबांनी मांडा तसाच ठेवला, नुसतं दूध पीत बसले! बिल आणखी दोन महिने लटकलं. आता हातात कुंद्याचा, म्हणजे बेळगावी मिठाईचा, डबा देतो, घरच्यांची चौकशी करतो, बस्स. दराचं सोमवारी फोनवर. बाकी, गिऱ्हाइकाला हॉटेलात जेवू घातलं तर त्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, आपल्याला मिळत नाही, जीएसटी कायद्याचं कलम १७(५), हेही लिहायला हवं होतं. आमच्या सीएनं हॉटेलची बिलं परत केली तेव्हा कळलं.