शिलेदाराचा घोडा धक्क्यावर का राहिला? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. कोसॅक (रशियाच्या झारसाठी लढणारे घोडेस्वार) अधिकाऱ्यावरच्या माझ्या लेखात तुम्ही तीन गोष्टी पकडल्यात. सोत्निकला मी ‘शंभर स्वारांचा नायक’ म्हटलं ते चूक, चित्रात तलवार उलटी लटकवली आहे, आणि घोडा बंदरात टाकून जहाजात चढणारा स्वार कसला!

पहिलं मान्य. शब्दाचा मूळ अर्थ तोच, पण पहिल्या महायुद्धापर्यंत सोत्निक हा लेफ्टनंटच्या तोलाचा नुसता हुद्दा उरला होता. सोत्न्या, म्हणजे शंभर-सव्वाशेची तुकडी, सहसा येसाऊल (कॅप्टनच्या तोलाचा) नाहीतर त्याच्या खालच्या पोदयेसाऊलकडे असे. दुरुस्ती केली आहे.

तलवार मात्र सुलटीच आहे. शाश्का, म्हणजे कोसॅकांची तलवार, धार वर ठेवूनच लटकवतात. मुठीपाशी बोटं झाकणारं कवच नाही, त्यामुळे काही अडकत नाही, आणि उपसण्याच्या ओघातच वार बसतो. (बुटाच्या टाचेला काटे दिसत नाहीत, तेही बरोबर. हाकायला नगायका, म्हणजे विणलेल्या चामड्याचा चाबूक.)

आता घोडा. कोसॅक हा आपल्याकडच्या शिलेदारासारखा, सरकारी घोड्यावरचा बारगीर नव्हे. घोडा, खोगीर, शाश्का, गणवेश सगळं पदरचं; सरकारी काय ती रायफल. पहिली सेवा संपवून दुसऱ्या (राखीव) फळीत घरी परतल्यावरही घोडा सज्ज ठेवावाच लागे, आणि त्यापायी घरं कर्जात जात. असा माणूस घोडा हौसेने सोडत नाही.

मार्च 1920 मध्ये, रशियातल्या यादवीत बोल्शेविकांच्या लाल सेनेपुढे हरलेली गोरी (बोल्शेविकविरोधी) सेना काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोसिस्क बंदरातून निघू लागली, तेव्हा जहाजंच पुरली नाहीत. घोडा चढवायचा तर पोटाखाली पट्टे घालून क्रेनने उचला नाहीतर रुंद उतार लावा, वर चारा आणि गोडं पाणी भरा. एवढ्या जागेत कितीतरी माणसं मावतात. घोडे धक्क्यावर राहिले, काहींना स्वारांनीच गोळी घातली. डॉन आणि कुबान या नद्यांकाठच्या कित्येक कोसॅकांना तर स्वतःलाही जागा मिळाली नाही. ते किनाऱ्याने सोचीच्या दिशेने चालत सुटले. जहाजात चढलेला तो अधिकारी त्यांच्या मानाने नशीबवान.

नोव्हेंबर 1920 मध्ये गोऱ्या सेनेचा सेनापती व्रांगेल याने क्रिमिया सोडला तेव्हा 126 जहाजांतून सुमारे 1,46,000 माणसं निघाली. कुबानचे कोसॅक लेम्नोस बेटावर तंबूंत, डॉनचे कॉन्स्टँटिनोपलजवळ चताल्जाच्या छावण्यांत. फ्रेंच रसद देत, आणि ती आखडती घेत ‘रशियात परत जा नाहीतर ब्राझीलला’ असं सुचवतही. हजारो परतलेही. उरलेल्यांचं नागरिकत्व डिसेंबर 1921 च्या सोव्हिएत हुकमाने गेलं. 1922 पासून अशा देश नसलेल्या निर्वासितांना नान्सेन पासपोर्ट मिळू लागला, पण तो प्रवासाचा कागद. त्याने कोणत्याही देशाचं नागरिकत्व मिळत नसे. म्हणून येसाऊल पॅरिसमध्ये टॅक्सी चालवतो, नाहीतर पॅरिसलगतच्या बिलांकूरला रेनोच्या मोटारींच्या कारखान्यात उभा राहतो.

या कागदाचं खरं मोल 1945 मध्ये कळलं. दोस्त राष्ट्रांच्या हाती आलेल्यांना परत पाठवण्याचा याल्टाचा करार सोव्हिएत नागरिकांपुरता होता. 1920 मध्येच देश सोडलेले त्यात बसत नव्हते. तरी ऑस्ट्रियात ब्रिटिशांनी त्यांनाही सोव्हिएतांच्या हवाली केलं. त्यातल्या क्रास्नोव्ह आणि श्कुरो या कोसॅक सेनापतींना जानेवारी 1947 मध्ये मॉस्कोत फाशी झाली. दोघे हिटलरच्या बाजूने उभे राहिले होते, ते मी झाकत नाही. पण जिथून कोसॅकांना सोपवलं त्या ऑस्ट्रियातल्या लिएंझच्या छावणीत बायकामुलंही होती.