अधांतरी

बाकीच्यांच्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नाही. माझ्या ट्रॅक्टरची उतरेना.

हा फरक केवढा मोठा आहे, हे मला सल्ला देणाऱ्या एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, हे आधीच कबूल करतो.

सकाळी छोटा ट्रॅक्टर चालू केला आणि लिफ्टचा, म्हणजे मागचं अवजार वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा, दांडा खाली ओढला. मागचा रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं अवजार, होता तिथेच, जमिनीपासून दीड फूट वर. दांडा पुन्हा वर, पुन्हा खाली. आधी हलक्या हाताने, मग जोर लावून, मग शिवी हासडून. शेजारी दुसराही दांडा होता. पहिला पोझिशनचा, म्हणजे अवजार किती उंचीवर धरायचं ते ठरवणारा. दुसरा ड्राफ्टचा. माती जास्त ओढ द्यायला लागली की हा अवजार आपोआप थोडं वर घेतो. मी दोन्ही दांडे पेटीवाल्याने भाता मारावा तसे मागेपुढे केले. रोटाव्हेटर ढिम्म.

मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, लिफ्ट काम करत नाही."

"ऑइल बघा," म्हणाले आणि ठेवून दिला.

सगळं रामायण या 'काम करत नाही'मध्ये होतं. पण मी ऑइल बघितलं. पट्टीवर पातळी बरोबर होती. रंग दुधाळ नव्हता, म्हणजे पाणीही शिरलेलं नव्हतं. तरी बदललं. माझ्या ट्रॅक्टरात गिअरबॉक्सला आणि हायड्रॉलिकला, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या या लिफ्टला, एकच ऑइल असतं. ते किती असतं, हे आपली सगळी भांडी भरून जमिनीवर ओघळ सुरू झाल्यावरच कळतं.

दुपारी मेहुणे आले. त्यांनी रोटाव्हेटरकडे न बघताच निदान केलं. "भाऊजी, गाळणी तुंबली असणार. पंपाला ऑइलच मिळत नसेल." गाळणी काढायची म्हणजे खाली शिरणं आलं. इथे मात्र बायको आडवी आली. टांगलेल्या अवजाराखाली नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर शिरायचं नाही, आधी ठोकळे लावा, म्हणाली. लावले. मग पाइपांवरून हात फिरवून गळती शोधायला गेलो, तर तिने पुठ्ठा पुढे केला. दाबाखालची ऑइलची चिळकांडी सुईसारखी कातडीत घुसते आणि मग थेट शस्त्रक्रियाच, हे तिने ट्रॅक्टरच्या पुस्तकात वाचलं होतं. ते पुस्तक मी पाच वर्षांत उघडलेलं नव्हतं.

गाळणी स्वच्छ निघाली. तरी आम्ही ती धुतली, कारण उघडल्यावर काहीच न करणं बरं दिसत नाही. बसवताना एक रबरी रिंग जरा चिमटल्यासारखी वाटली. मेहुणे म्हणाले, "बसेल हो."

संध्याकाळी ठोकळ्यांशेजारी बसून मी अवजार ट्रॅक्टरला जोडणाऱ्या त्या तीन जोडांकडे बघत होतो. वर एक टॉप लिंक, खाली दोन बाहू. हॅरी फर्ग्युसन या आयरिश इंजिनिअरने १९२६ साली याचं पेटंट घेतलं. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा. फर्ग्युसनने दोघांना एकजीव केलं. १९३८ साली हेन्री फोर्डशी त्याने नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, आणि पुढे दोघांच्या कंपन्या कोर्टात भांडल्या. तीन जोड जुळवणं सोपं, दोन माणसांचं कठीण. माझ्याकडे तर जोड इतके घट्ट जुळले होते की सुटायचं नावच नाही.

रोटाव्हेटर रात्रभर तसाच राहिला. सकाळी बघितलं तर ठोकळ्यांपासून बोटभर वरच, केसभरही खाली आलेला नव्हता. आतलं ऑइल अडवणारे सील झिजले असते तर इंजीन बंद केल्यावर तो हळूहळू बसला असता. म्हणजे माझी लिफ्ट ठणठणीत होती. हा पुरावा डोळ्यांसमोर लोंबत असताना मी पंप उघडायला पान्हे मांडत होतो.

तेवढ्यात मिस्त्री स्वतः आले. आल्या आल्या विचारलं, "उचलत नाही, की उतरत नाही?"

"उतरत नाही."

ते थोडा वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले. "अहो, पंप फक्त उचलतो. उतरतं ते अवजाराच्या वजनाने. ऑइलला परत जायला वाट दिली की झालं." मग म्हणाले, "सीटखाली हात घाला."

सीटखाली एक गोल मूठ होती. अवजार किती वेगाने उतरावं ते तिच्यावर ठरतं, आणि पूर्ण आवळली की वाटच बंद होते. रस्त्याने जाताना अवजार चुकून खाली येऊ नये म्हणून ती आवळतात. चार दिवसांपूर्वी रस्त्याने येताना कुणीतरी ती आवळली होती. ट्रॅक्टर मी सोडून कुणी चालवत नाही.

मिस्त्रींनी ठोकळे काढायला लावले, सगळ्यांना लांब केलं आणि मूठ अर्धा फेरा सोडली. रोटाव्हेटर वयस्कर माणूस खुर्चीत बसावा तसा अदबीने जमिनीवर टेकला. बायकोने काहीही म्हटलं नाही. मेहुण्यांनी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

"आता उचलून दाखवा," मिस्त्री म्हणाले.

मी इंजीन चालू केलं आणि दांडा वर घेतला. पंप कण्हल्यासारखा ओरडला. रोटाव्हेटर चार बोटं उचलला, थरथरला आणि खाली बसला. पुन्हा दांडा, पुन्हा कण्हणं. ऑइलची पट्टी काढली तर तिच्यावर फेस.

"कुठून तरी हवा ओढतोय," मिस्त्री म्हणाले. "गाळणी कुणी उघडली होती?"

मी मेहुण्यांकडे बघितलं. मेहुणे चपला घालत होते.