सीआरएच्या हद्दीतला ‘जादा कर’

फ्लोरिडात घर शोधणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘सीआरएच्या हद्दीत घर घेऊ नका. तिथं पुनर्विकासाचा जादा कर लागतो, शाळांचा पैसा तिकडं वळवतात, आणि हद्द एकदा आखली की कायमची.’ सीआरए म्हणजे कम्युनिटी रीडेव्हलपमेंट एजन्सी, पुनर्विकासासाठीची स्थानिक सरकारी संस्था. मुंबईकरांनी ‘पुनर्विकास’ ऐकून एफएसआय आणि ट्रान्झिटचं भाडं डोळ्यांसमोर आणू नये. इथं विषय सोसायटीचा नाही, शहराच्या एका अख्ख्या पडक्या भागाचा आहे.

‘जादा कर लागतो.’

नाही लागत. सीआरएला कर लावण्याचा अधिकारच नाही. तिचा निधी स्थापन करणारा ठराव होतो, तेव्हा त्याआधीच्या करयादीतलं त्या भागाचं एकूण करपात्र मूल्य गोठवतात. हे आधारमूल्य. पुढं मूल्य जेवढं वाढेल, तेवढ्या वाढीवर शहर आणि काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) मिळणाऱ्या करातला साधारण ९५ टक्के हिस्सा सीआरएच्या निधीत जातो. काही ठिकाणी कायद्यानं तो ५० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो.

समजा, आधारमूल्य १० कोटी डॉलर होतं, आज १६ कोटी आहे. शहर आणि काउंटीचा मिळून दर ९ मिल, म्हणजे हजार डॉलरमागे ९ डॉलर. आधारमूल्यावरचे ९ लाख डॉलर नेहमीसारखे शहर-काउंटीकडेच राहतात. वाढलेल्या ६ कोटींवर ५,४०,००० डॉलर येतात, त्यातले ५,१३,००० सीआरएला मिळतात. घरमालकाचा दर मात्र हद्दीबाहेरच्या शेजाऱ्याएवढाच. कर्जफेडीसाठी लावलेला मिलेज (मिलमध्ये मोजलेला कराचा दर) या हिशेबात धरत नाहीत.

मग ‘जादा कर’ दिसतो कुठून? बहुतेकदा खरेदीतून. राहत्या घराचं करमूल्य वर्षाला ३ टक्के किंवा महागाईचा दर, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त वाढवता येत नाही. घर विकलं की ही मर्यादा सुटते आणि पुढच्या १ जानेवारीपासून करमूल्य बाजारभावावर जातं. जुन्या मालकाचं बिल पाहून बजेट बसवलेलं असतं, नवं बिल येतं आणि खापर सीआरएवर फुटतं. दुसरा घोळ नावाचा: मायामीची डाऊनटाऊन डेव्हलपमेंट ऑथॉरिटी आणि ऑर्लँडोचं डाऊनटाऊन डेव्हलपमेंट बोर्ड खरोखर वेगळा मिलेज लावतात, पण त्या संस्था म्हणजे सीआरए नव्हेत.

‘शाळांचा पैसा वळवतात.’

फ्लोरिडात शालेय जिल्ह्याचा कर यातून वगळलेला आहे. ही तक्रार कॅलिफोर्नियाची. तिथं शाळांचा हिस्साही जायचा आणि राज्याला तो भरून द्यावा लागायचा. तिथल्या एजन्सीज १ फेब्रुवारी २०१२ रोजी बरखास्त झाल्या.

‘कायमची.’

२०१९ च्या दुरुस्तीनुसार, तिच्या सनदेत लिहिलेली तारीख किंवा ३० सप्टेंबर २०३९, यांतलं जे आधी येईल तेव्हा त्या वेळी अस्तित्वात असलेली सीआरए संपते. चालू ठेवायची तर स्थानिक निर्वाचित मंडळाला बहुमतानं तसा ठराव करावा लागतो.

आता खरा आक्षेप, जो या सल्ल्यात नसतोच. जादा कर नाही, म्हणून हा पैसा फुकटचा ठरत नाही. आधारमूल्य महागाईप्रमाणं वाढत नाही. त्यामुळं सीआरए नसती तरी जी भाववाढ झालीच असती, तिच्यावरचा करही तिकडं जातो, आणि पोलीस, अग्निशमन, उद्यानं यांचा वाढता खर्च काउंटी-शहराला उरलेल्या पैशांतून भागवावा लागतो. सीआरएचा निधी योजनेशी संबंध नसलेल्या रोजच्या सरकारी खर्चाला वापरता येत नाही. पोलीस ठाणं बांधायचं तर प्रत्येक कर लावणाऱ्या संस्थेची संमती लागते. काउंट्यांचा विरोध बहुधा याच मुद्द्यावर असतो.

पैसा दुसरीकडंही अडकतो. वरच्या उदाहरणात मूल्य १६ वरून १३ कोटींवर आलं तर घसरण १९ टक्क्यांच्या आतच, पण वाढ ६ वरून ३ कोटी होते आणि निधी निम्मा, २,५६,५०० डॉलर. या उत्पन्नाच्या भरवशावर रोखे काढले असतील तर हप्ता तोच राहतो आणि दिवे-फुटपाथची कामं थांबतात.

घर घ्यायचंच असेल तर प्रॉपर्टी अप्रेझरच्या (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याच्या) नोंदीत बाजारमूल्य आणि करमूल्य शेजारी-शेजारी पाहा. पुढच्या वर्षीचं बिल त्या फरकावर ठरेल, सीआरएच्या हद्दीवर नाही.